ओळंब्याचा गुडघा

भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. फरशी बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे ह्याच नावाने हाक मारत. अंगाने तो तसाच होता, उंच आणि सडपातळ, आणि वागायलाही सरळ. बसवलेल्या फरशीवर बोटाच्या पेराने टकटक करून तो कान लावायचा. आवाज पोकळ आला की फरशी उखडायचा आणि पुन्हा बसवायचा, मालक समोर उभा असो वा नसो. घरातही जेवताना ताट टेबलाच्या कडेला तिरकं असलं तर हळूच सरकवून घ्यायचा. बायको म्हणायची, "जेवा आता, ह्याला काही सिमेंट नाही लावायचं."

बायको पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. तिला आईवडील नव्हते; थोरल्या भावाने वाढवलेली. हा भाऊ प्लंबर. एका इमारतीवर काम करताना त्याने ओळंब्याला पाहिलं आणि बहिणीसाठी पसंत केलं. "पोरगा फार बोलत नाही," त्याने बहिणीला सांगितलं होतं, "पण फरशीखाली पोकळ जागा ठेवत नाही." लग्नानंतरही दोघं मेहुणे पुष्कळदा एकाच कामावर असत. प्लंबर त्याला दाजी म्हणायचा आणि हा त्याला, बायकोसारखाच, दादा. एक मुलगी झाली, ती आता शाळेच्या शेवटच्या वर्गात होती.

त्या वर्षी दोघांना शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या बाजार-इमारतीचं काम मिळालं. उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली आणि काम मागे पडलेलं. ठेकेदाराने सगळ्यांना तिथेच मुक्कामाला ठेवलं. अर्धवट गाळ्यांमध्ये पुठ्ठे अंथरून माणसं झोपत. मागच्या बाजूला मजुरांसाठी पत्र्याचे संडास होते आणि पिण्याच्या पाण्याला एक काळी प्लास्टिकची टाकी. तळमजल्याची सगळी फरशी ओळंब्याच्या हातात होती. पाण्याचा उतार कुठून कुठे जाणार, हे त्याच्याच डोक्यात होतं.

एके दिवशी काम करता करता त्याच्या पोटात पीळ पडला. संध्याकाळपर्यंत अंगात ताप भरला. मग सुरू झाली आव. दर थोड्या वेळाने उठून पळायचं, कुंथून कुंथून जीव जायचा आणि पडायचं काय तर चमचाभर शेंब आणि रक्त. पत्र्याच्या संडासापुढे रांग लागली होती, कारण तो एकटा नव्हता. रंगारी आजारी पडले, सुतार पडला, दादाही पोट धरून आपल्या घरी निघून गेला. जे राहिले ते एकमेकांची चेष्टा करत होते. "फीत कापायच्या आधी आपलंच उद्घाटन झालं," असं सुतार म्हणाला आणि हसता हसता पुन्हा पळाला.

ओळंबा घरी गेला नाही. आपण उठलो तर दुसरा कोणी येऊन उतार बिघडवील, ही त्याला धास्ती. बायकोचा फोन आला तेव्हा म्हणाला, "जरा पोट बिघडलंय, बाकी ठीक." रक्ताचं बोलला नाही. बोलला असता तर ती रिक्षा करून न्यायला आली असती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून त्याने जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या. गोळ्यांनी जुलाब थांबले, पोट मात्र दगडासारखं झालं आणि ताप चढतच राहिला. तशाच अंगाने त्याने शेवटची ओळ बसवली. पुढे हळूहळू सगळं ओसरलं. दादा परत कामावर आला, इमारत सजली आणि ओळंबा घरी आला तो चार किलो वजन घालवून. बायकोने दारातच विचारलं, "जेवण देत नव्हते का तिथे?" तो म्हणाला, "घाईचं काम होतं."

आव विसरून गेल्यावर, एका सकाळी, त्याला अंथरुणातून उठता येईना. उजवा गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. हात लावला तर गरम. कोणालाच नवल वाटलं नाही. आयुष्यभर गुडघ्यांवर बसून काम केलेल्या माणसाचा गुडघा धरणार नाही तर काय धरणार? सुताराने फोनवर विनोदही केला, "दुसऱ्यांचे सांधे भरता भरता तुमचेच भरून आले की हो." नंतर टाच ठणकू लागली. एक डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. तेही सिमेंटच्या धुळीवर गेलं. पण आणखी एक गोष्ट होत होती आणि ती त्याने कोणालाच सांगितली नव्हती. लघवीला जळजळ होत होती, कपड्याला डाग पडत होते.

शेवटी बायको त्याला गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं. ह्याने खाली बघत लघवीचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बाहेर मुक्कामाला होता म्हणालात ना?"

"हो."

"मग खरं सांगा. मी काही कोणाला बोलणार नाही. कुणाकडे जाणं-येणं झालं का?"

ओळंब्याला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा त्याच्या कानशिलात आग झाली. "नाही," एवढंच तो म्हणाला. पण त्याचा तो तांबडा चेहरा पाहून डॉक्टरांना जे वाटायचं ते वाटलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, बायकोला आत बोलावलं आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, "वहिनी, तुम्हीही एकदा तपासून घ्या. असे आजार नवऱ्याकडून बायकोकडे येतात."

घरी येऊन दार लावल्यावर ती चप्पलही न काढता उभी राहिली.

"डॉक्टर काय म्हणाले ते मला कळलं नाही असं समजू नका."

"तसं काही नाही. मी कुठेही गेलेलो नाही."

"मग हे आलं कुठून?"

"मला माहीत नाही."

"तिथे रात्री कोण कोण होतं?"

"सगळेच. दादा होते की. त्यांना विचार."

ती खरोखरच विचारायला गेली. दादा दुसऱ्या दिवशी आला, खुर्ची ओढून ओळंब्याच्या पलंगाशी बसला. मुलीला त्यांनी शेजारी पाठवून दिलं.

"दाजी, काय असेल ते बोलून टाका. माणूस चुकतो."

"दादा, तुम्ही तिथेच होतात. मी कुठे गेलो होतो का, ते तुम्हीच सांगा हिला."

दादाने रुमालाने मान पुसली. "आता मी काही चोवीस तास तुमच्या उशाशी नव्हतो," तो म्हणाला. "मधे मी घरीही आलो होतो."

दादा घरी का आला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्याचा आणि ह्या प्रकाराचा काही संबंध असेल, हे ओळंब्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला एवढंच वाटलं की आपली बाजू घ्यायला हवा होता तो माणूस हात झटकून उठला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बायको औषध देत होती, गरम पाण्याची पिशवी भरून ठेवत होती, पण बोलत नव्हती. बोलायचंच झालं तर मुलीमार्फत. "बाबांना सांग, वाढलंय." "आईला सांग, नंतर जेवतो." सगळे एकाच खोलीत असताना मुलगी हे निरोप पोचवायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "मला अभ्यास आहे, तुम्ही फोन तरी करा एकमेकांना." कारखान्यात बायको पुस्तकांच्या पाठीला गोंद लावताना मध्येच थांबायची, आणि शेजारची बाई तिचा ब्रश काढून घ्यायची. तिला त्याच्या आजाराचा राग नव्हता. हा माणूस आपल्याशी कधी खोटं बोलला नाही, ह्या एका गोष्टीवर तिने संसार उभा केला होता, आणि आता तीच गोष्ट हलत होती.

गुडघा उतरायच्या ऐवजी दुसराही सुजला. तेव्हा दादानेच आपल्या ओळखीची गाडी आणली आणि तिघं मोठ्या दवाखान्यात गेले. सांध्यांच्या विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी आधी डोळा पाहिला, मग टाच दाबली, मग सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. नळीत ढगाळ पिवळं पाणी आलं.

"गुडघे, टाच, डोळा, लघवी," त्या म्हणाल्या. "हे चार आजार नाहीत, एकच आहे. गेल्या महिन्या-दीड महिन्यात जुलाब झाले होते? रक्त पडलं होतं?"

"झाले होते," ओळंबा म्हणाला. "खूप. रक्त, शेंब, ताप."

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "हे तुम्ही मला कधी सांगितलं?"

"तू नेलं असतंस घरी."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तिथे आणखी कोणाला झालं होतं?"

ओळंब्याने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीपाशी उभा होता. "असेल कोणाला," तो म्हणाला. "एवढं लक्ष नाही गेलं आमचं."

मेहुण्याला त्याच्या बहिणीसमोर खोटं पाडणं ओळंब्याला जमलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि मग बायकोलाही समोर बसवून समजावून सांगितलं. आवेचे जंतू पाण्यातून पोटात जातात. आतड्याच्या अस्तराखाली शरीराचा पहारा असतो. काही खास जागांवर हा पहारा आतड्यातल्या मालाचा थोडा थोडा नमुना आत घेऊन तपासत असतो. हे जंतू इतके लबाड की त्याच वाटेने आत शिरतात, आणि त्यांना खायला आलेल्या पेशीलाच फोडून बाहेर पडतात. मग शरीर हाकाटी करतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी झुंडीने धावून येतात, आणि त्या धावपळीत अस्तर फाटतं. "तुम्हाला जे रक्त आणि शेंब पडत होतं ना, त्यातलं पुष्कळ नुकसान जंतूंनी एकट्याने केलेलं नव्हतं. तुमच्याच शरीराने लढताना केलेलं होतं. पण लढलं नसतं तर जंतू हटले नसते. आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या घेऊन तुम्ही घाण बाहेर जायची वाटच बंद केलीत. ते नाही करायचं."

"पण ते तर बरं झालं ना?" बायको म्हणाली.

"आतड्यात झालं. पण लढताना जंतूंचे जे तुकडे पडतात, ते काहींच्या बाबतीत रक्तातून सांध्यापर्यंत जातात. सांध्यात जिवंत जंतू नसतो. तरी शरीर तिथे जाऊन लढत बसतं. डोळ्यात, लघवीच्या मार्गातही."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," ओळंबा हळूच म्हणाला.

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "मात्र मी अर्धवट सांगणार नाही. असाच आजार दुसऱ्या वाटेनेही होतो, तुमच्या डॉक्टरांना जो संशय आला त्या वाटेने. त्याचीही तपासणी करावी लागेल. दोघांची. निकाल यायला वेळ लागेल."

परत येताना गाडीत बायकोच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि ह्यांना लगेच रक्ताचे जुलाब आठवले. दादाला मात्र काहीच आठवत नाही. एवढे दिवस हे एका शब्दाने बोलले नव्हते. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटत राहिलं. सुटका दिसली म्हणून नवरा ती गोष्ट रचतोय, असंही एकदा मनात येऊन गेलं.

त्याच आठवड्यात ती कारखान्यातून परस्पर दादाच्या घरी गेली. दादा कामावर होता. वहिनी भांडी घासत होती. वहिनी तोंडाने मोकळी, मनात काही राहत नसे. ओळंब्याची विचारपूस करत करत ती सहज म्हणाली, "त्या कामाने सगळ्यांचाच घात केला बाई. ह्यांना काय कमी झालं होतं? नुसतं रक्त. चार चादरी टाकून द्याव्या लागल्या मला. आणि ह्यांनी मला बजावलं, कोणाला बोलू नकोस."

बायकोने हातातला पेला खाली ठेवला. "कधी झालं हे?"

"तेव्हाच की. मधेच घरी नव्हते का आले?"

ती तिथेच बसून राहिली. दादा आला, हातातली हत्यारांची पिशवी दारात ठेवली, आणि बहिणीचा चेहरा पाहून त्याला सगळं कळलं. वहिनी काही न समजून दोघांकडे बघत होती.

"दादा, तुलाही आव झाली होती."

तो खाली बसला. बराच वेळ गुडघ्यावरचा वाळलेला चुना नखाने खरवडत राहिला. "झाली होती. सगळ्यांनाच झाली होती."

"मग डॉक्टरांसमोर का नाही बोललास?"

"टाकीची लाइन मी टाकली होती," तो म्हणाला. "तात्पुरती होती. ठेकेदार डोक्यावर बसला होता, म्हणून संडासाच्या चरातूनच पाइप ओढून घेतला. एक जोड नीट बसला नव्हता, मला माहीत होतं. म्हटलं, उद्या करू. माणसं पडायला लागली तेव्हा मी जाऊन तो जोड बदलला आणि गप्प बसलो. ठेकेदार नंतर विचारत होता, पाण्यात काय झालं म्हणून. मी म्हटलं, बाहेरचं खाल्लं असेल. आव हा शब्द निघाला की माझंच नाव आलं असतं. मला कुठेही काम मिळालं नसतं मग."

"आणि ह्यांच्यावर आळ आला तेव्हा?"

"मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण आहे, मिटेल."

"माझं घर मोडलं असतं दादा. तू माझ्यासमोर खुर्ची टाकून त्यांना म्हणालास, माणूस चुकतो."

लहानपणी आईवडील गेले तेव्हा ह्याच माणसाने तिची वेणी घालायला शिकून घेतलं होतं. तिला ते आठवत होतं, आणि म्हणूनच तिला तिथे थांबवेना.

घरी आली तेव्हा ओळंबा पायाखाली उशी घेऊन बसला होता. तिने जे ऐकलं ते सगळं एका दमात सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं नीट."

"विचारलंस की तू," तो म्हणाला. "उत्तर ऐकलं नाहीस." मग थोड्या वेळाने, "मीही सांगितलं नव्हतंच. फोनवर रक्ताचं बोललो असतो तर एवढं झालंच नसतं."

तपासणीचे निकाल आले. दोघांच्याही कागदावर संशयाचं काही नव्हतं. बायकोने ते डॉक्टरीणबाईंच्या हातून घेतले, घडी घातली आणि पर्समध्ये टाकले. निकालाच्या आधीच विश्वास ठेवायला हवा होता, हे तिला बोचत होतं आणि त्यावर कुठलं औषध नव्हतं. ओळंब्याने वेगळाच प्रश्न विचारला. "पाणी तर सगळ्यांनीच प्यायलं. मग सांधे माझेच का?"

"काही जणांच्या रक्तात जन्मापासून एक खूण असते," त्या म्हणाल्या. "त्यांचं शरीर लढाई लवकर आवरत नाही. घरात कोणाची पाठ आखडलेली होती का?"

त्याला वडील आठवले. म्हाताऱ्याची पाठ फळीसारखी ताठ होती, मागे बघायचं तर सगळा देह वळवावा लागायचा. पोरं त्यांच्या मागून चालून नक्कल करायची. त्यांनाही असंच काही झालं असेल का, हे आता विचारायला कोणी उरलं नव्हतं.

गुडघ्यांत इंजेक्शनं दिली गेली, डोळ्यात थेंब, पोटात गोळ्या. सूज उतरायला अर्धं वर्ष गेलं. डोळा वाचला, पण उजेडात अजूनही चुरचुरतो. तो कामावर परत गेला, मात्र गुडघे टेकून पूर्वीसारखं दिवसभर बसणं जमेना. बुटक्या स्टुलावर बसून तो आता आखणी करतो, पाण्याचा उतार काढून देतो आणि बसवायचं काम दुसऱ्यांकडून करून घेतो. फरशीवर टकटक करून कान लावणं त्याने सोडलेलं नाही. हाताखालचे वैतागतात.

दादाशी बहीण फार दिवस बोलली नाही. ओळंबा बोलतो. दादाने स्वतःहून ठेकेदाराला जाऊन सांगितलं होतं. ठेकेदाराने त्याचं पुढचं काम काढून घेतलं आणि प्रकरण तिथेच दाबलं, कारण उद्घाटन होऊन गेलं होतं. एकदा एका घराच्या दुरुस्तीवर दोघं मेहुणे पुन्हा समोरासमोर आले. दादाने पाण्याचा पाइप जोडला, जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळला आणि कागद ओला होतो का ते पाहत उकिडवा बसून राहिला. ओळंब्याने त्याला चहा नेऊन दिला.

शेवटच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. एकदा आव होऊन गेली म्हणजे पुन्हा होणार नाही असं नाही. ह्या जंतूंच्या जाती अनेक, आणि शरीर एका जातीला ओळखायला शिकलं तरी दुसरीला ओळखेलच असं नाही. आणि पुन्हा झाली, तर सांधेही पुन्हा धरतील. तेव्हापासून त्या घरात पाणी उकळल्याशिवाय कोणी पीत नाही. पाहुण्याकडे गेलं तरी ओळंबा आपली बाटली घेऊन जातो, लोक त्यावरून हसतात.

परवा रविवारी दुपारी त्याच्या पोटात जरा कळ आली. तो उठून आत गेला आणि कडी लावली. बायको कपड्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि बंद दाराशी जाऊन उभी राहिली. मुलीनेही पुस्तकातून डोकं वर काढलं.

"काही आहे का?" बायकोने दाराबाहेरून विचारलं.

"नाही. साधंच आहे."

"रक्त?"

"नाही म्हटलं ना."

"बघून सांगा," ती म्हणाली, आणि तो बाहेर येईपर्यंत तिथून हलली नाही.